पहिल्या रांगेतली जागा

मिरज, ता. १८ नोव्हेंबर १९३८

श्री. नरहर अंताजी हुपरीकर, वकील, चिटणीस, आरळगाव इंग्रजी शाळा, यांस भिकाजी धोंडी सुतार, पेटीवाले, यांचा नमस्कार.

आपल्या शाळेची पेटी परवा मोटारीनं पोचली. सोबतच्या चिठ्ठीत 'भाता वारा धरत नाही व मधला गंधार बसका येतो' एवढंच लिहिलं आहे. गंधार बसका नाही. त्या सुराच्या पितळी जिभेखाली धूळ साचली होती, ती मी काढली. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कान आहे, पण अर्धाच.

भाता मात्र कुरतडलेला आहे. मागची तिसरी घडी, खालच्या कोपऱ्यापासून साडेतीन बोटं वर, अंगठा जाईल एवढं भोक. भोक उंदराचं, हे सांगायला कारागीर लागत नाही. मी कातडं उसवलं, तर उंदीर आतच होता. मेलेला.

इथून पुढचं मी जपून लिहितो, कारण यात अंदाज चालत नाही. तीस वर्षांत मी चारशेवर पेट्या उघडल्या. ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही. पहिली पेटी मी मोडून शिकलो आणि दुसरी जोडून. पेट्यांत उंदीर निघतात. ते वाळून चामड्यासारखे झालेले असतात, नाहीतर मांजरानं फाडलेले. हा तसा नव्हता. अंगावर दाताची खूण नाही. पोट भरलेलं. नाकातोंडाशी रक्त सुकलेलं. गळ्याखाली आणि जांघेत गाठ. मी ती चाकूच्या टोकानं चाचपली, बोटानं नाही. मरून चार दिवसांवर झाले नव्हते. म्हणजे तो आरळगावातच भात्यात शिरला.

मी त्याच्यावर रॉकेल ओतून त्याला जाळलं. फरशी फिनेलनं दोनदा धुतली. पेटी अंगणात, माणसांपासून लांब, उन्हात ठेवली आहे.

कृपा करून दोन गोष्टी उलट टपाली कळवाव्यात. पेटी इकडे येण्याआधी महिनाभर कुठे होती? आणि त्या जागी उंदीर पडले आहेत काय?

चिठ्ठीवर सही कारकुनाची आहे, त्यामुळे आपण मला ओळखलं की नाही ते समजायला मार्ग नाही. न ओळखलं तरी चालेल. उत्तर द्यावं.

आपला,
भिकाजी धोंडी सुतार


मिरज, ता. २२ नोव्हेंबर

नरहरपंत,

कार्ड मिळालं. पुन्हा कारकुनाच्याच हातचं. 'पेटी चिटणीससाहेबांचे घरी माजघरात होती. त्यांची कन्या चि. गोदावरी हिचा स्वागतगीताचा सराव चालू आहे. उंदीर कुठे नसतात. रौप्यमहोत्सवास चार तारखेस कलेक्टरसाहेब यावयाचे आहेत, तरी दोन तारखेच्या आत पेटी पोचती करावी.'

'उंदीर कुठे नसतात' हे वाक्य कारकुनाचं नाही. कारकून असं लिहीत नाही. ते तू सांगितलंस आणि त्यानं उतरवलं.

बघ, 'आपण' सुटलं हातातून. आता सुटलं ते सुटलं.

मुलीचं नाव गोदावरी ठेवलंस, ते मला ठाऊक नव्हतं. काल दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. हसन समोरच्या ठेल्यावरून बघत होता. तो म्हणाला, "काय रे भिक्या, शाई संपली का हिंमत?" मी म्हटलं, "तू तुझी पानं पूस." हसन कोण ते तुला सांगायला नको. चौतीस वर्षांत आम्ही दोघांनी मिळून तुझं नाव फार तर चार वेळा काढलं असेल.

तुला खुर्ची आठवते? तुझ्या वडिलांची, शाळेतली. पुढच्या डाव्या पायाला मी आतून काप दिला होता. दोन सूत. मास्तर पडावेत एवढा. लागावं एवढा नाही. हे मोजमाप मी वयाच्या अकराव्या वर्षी केलं आणि ते बरोबर आलं. मास्तर सावकाश, एखाद्या पोत्यासारखे बाजूला कलंडले, पगडी घरंगळत हसनच्या पायाशी गेली. त्यांनी उठून खुर्ची उलटी केली. "कुणाचं काम?" तू उभा राहिलास. "बाबा, लाकूड जुनं होतं." मास्तर पायाकडे बघत म्हणाले, "लाकूड जुनं आहे रे, करवत नवी दिसते." मग तिघांच्या हातांवर पाच पाच छड्या. बाहेर आल्यावर हात काखेत दाबून हसन म्हणाला, "भिक्या, पुढच्या वेळी तीन सूत काप. मार तेवढाच आहे." तू इतका हसलास की तुला उचकी लागली.

हे मी तुला खुश करायला लिहीत नाही. त्या वेळी तू उभा राहिलास, तसा आता राहशील, या आशेवर लिहितो.

उंदीर पडला म्हणजे काय, ते तू विसरलेला नाहीस. घरात एक जरी मेलेला सापडला तरी प्लेगच्या कचेरीत कळवायचं, घर सोडायचं, माळावर झोपड्यांत जायचं. मागे शिपाई येऊन कौलं उतरवून घरात ऊन सोडणार, गाद्या जाळणार, धान्यावर औषध मारणार. म्हणून लोक कळवायचे नाहीत. शेपटीला धरून परसात पुरायचे नाहीतर शेजाऱ्याच्या कुंपणात टाकायचे, आणि वर जेवायला बसायचे. आरळगावात असं एक घर नसेल, ज्यानं एक तरी उंदीर लपवला नाही.

त्या शुक्रवारी, ९ डिसेंबर १९०४ ला, दिपोटीसाहेब शाळा तपासायला यायचे होते आणि शाळेत कुणीतरी उंदीर आणला. कुणी, ते आता उकरायला नको. तुझ्या घरातून त्यानंतर दोन माणसं गेली, एवढं पुरे. तुझ्या माजघरातून आलेला हा उंदीर मी डोळ्यांनी पाहिला आहे. माजघर सोड. घर सोड. पोरीला आणि सगळ्यांना टोचून घे. कचेरीत कळव. कलेक्टर पुढच्या वर्षीही मिळेल.

भिकाजी


मिरज, ता. २६ नोव्हेंबर

नरहर,

या वेळी पत्र तुझ्या हातचं आलं. अक्षर वडिलांसारखं झालं आहे, 'र' ची शेपटी तशीच लांब.

तू लिहितोस: 'तांबोळ्याच्या पोराने पानात गुंडाळून माझ्या घरात मरण आणले. पेटाऱ्याच्या तळाचे विड्याचे पान मी या हाताने उचलले आहे. त्याच तांबोळ्यासमोर दुकान थाटून तू मला उंदरांची भीती घालतोस? समारंभ मोडावा हे तुला कोणी शिकवले? माझ्या घरात उंदीर पडलेला नाही. तुझ्या दुकानात पडला असेल.'

ठीक. माझ्या दुकानात पडला असता तर मी दुकान सोडून आज माळावर बसलो असतो आणि तिथून हे पत्र लिहिलं असतं. आणि मला कुणी काही शिकवत नाही. आजवर शिकवलेलं नाही.

पण पानाचं तू काढलंस, तर मला पुढे लिहिणं भाग आहे.

तुझी समजूत अशी, की हसननं उंदीर मास्तरांच्या पेटाऱ्यात ठेवला, मग घाबरून स्वतःच तो शाळेमागच्या निवडुंगात फेकला. शनिवारी झाडूवाल्याला तो पानांसकट सापडला. तू पेटाऱ्यात तसलंच पान पाहिलंस आणि कचेरीत जाऊन हसनचं नाव सांगितलंस. मग शिपाई त्यांच्या घरी गेले. कौलं उतरवली. दुकानातली पानं, करंड्या, गाद्या चौकात जाळल्या. पोरांनी हसनला वेशीपर्यंत दगड मारत नेलं. त्या पोरांत तू पुढे होतास. मी मागे होतो. माझ्या हातात दगड नव्हता, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. होता. मारला नाही, एवढंच.

आता खरं.

त्या आठवड्याच्या सोमवारी तुझ्या वडिलांनी मला उभं केलं. दिपोटींच्या दिवशी मठ्ठ आणि वांड पोरांना घरी ठेवायची रीतच होती. पण ते सगळ्यांदेखत म्हणाले, "भिक्या, शुक्रवारी तू येऊ नकोस. घरी रंधा मार. सुताराच्या पोराला दिपोटी काय विचारणार, फळी किती जाड?" वर्ग हसला. तूही हसलास. ते हसू मी विसरलो नाही, हे लिहून टाकतो. पावकी, निमकी, पाऊणकी मला तुझ्यापेक्षा पक्की येत होती. तुलाही ते ठाऊक होतं.

मला वाटलं, शुक्रवारी शाळाच उघडली नाही तर? उंदीर पडला की दहा दिवस बंद. दिपोटी वेशीवरूनच परत.

हसननं बुधवारी चिंचेखाली मला सांगितलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून, की त्यांच्या घरात करंडीमागे उंदीर पडतात आणि बा ते पहाटे नदीत टाकतो. मी म्हटलं, "पुढचा मला दे." तो म्हणाला, "येडा झालास काय? आई मारेल." मी त्याला माझा शिसवीचा भोवरा दाखवला. मी स्वतः लाकूड कातायच्या सांगाड्यावर ओढलेला, पितळी आरीचा. गावात तसा दुसरा नव्हता. हसननं तो एकदा हातावर फिरवून बघितला. गुरुवारी तिन्हीसांजेला तो आमच्या परसात आला, पानांत गुंडाळलेली पुडी काठीनं ढकलली आणि भोवरा घेऊन गेला.

आणि पेटारा. हजेरीची बुकं ठेवायचा तो पेटारा बिजागरीसाठी आमच्याकडे आला होता. बापानं दुरुस्त केला आणि शुक्रवारी सकाळी तो पोचवायला मला पाठवलं. म्हणजे मी शाळेत गेलो ते विद्यार्थी म्हणून नाही, सुताराचा पोरगा म्हणून. पुडी पेटाऱ्यात मी घातली. पानं हसनची. हात माझे.

हसन तेव्हा का बोलला नाही, ते मीच सांगतो. चौतीस वर्षं तो गप्प बसला तो माझ्यासाठी नाही. मी त्याला एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझं नाव घेतलं असतं तर उंदीर कुठल्या घरातला, हे आधी सांगायला लागलं असतं. बा तुरुंगात गेला असता. तू काय, फुकटात वाचलास."

आता तरी माझं ऐक. ज्यानं एकदा तुझ्या घरात उंदीर घातला तोच सांगतो आहे, की तुझ्या घरात उंदीर आहे. माझ्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

भिकाजी


मिरज, ता. २९ नोव्हेंबर

नरहर,

तुझं उत्तर नाही. आलं ते समारंभाचं छापील बोलावणं, सगळ्या कारागिरांना पाठवतात तसलं. 'कु. गोदावरी हुपरीकर स्वागतपर पद्य म्हणतील.' खालच्या ओळीत छापखान्यातल्या जुळाऱ्यानं दोन खिळे उलटे लावले आहेत. म्हणजे समारंभ होणार. म्हणजे तुम्ही अजून त्या घरात आहात.

हसनला मी बोलावणं दाखवलं. त्यानं चष्मा वर करून वाचलं, कात लागलेली बोटं लुंगीला पुसली, मग म्हणाला, "तू सगळं लिहिलंस?"

"लिहिलं."

"मास्तरांचं?"

मी बोलावण्याची घडी घालू लागलो.

"मग काय लिहिलंस तू? त्यानं वाचलं असेल, की एका कार्ट्यानं खोडी केली. आपण कार्टी नाही, आपल्याला कोण काय करणार, असं म्हणून तो गप जेवत असेल. त्याला कार्ट्याचं नको सांगूस. त्याच्यासारख्याचं सांग."

"मेलेल्या माणसाबद्दल लिहू?"

"मेलेल्यांबद्दलच तर चाललंय भिक्या इतके दिवस. ती पोर अजून जिवंत आहे."

हसन तिसरी शिकला आहे, आणि कधी कधी मला त्याचा राग येतो.

म्हणून हे लिहितो. तू ते फाडलंस तरी आधी वाचून फाड.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पेटारा घेऊन शाळेत पोचलो. तू नव्हतास, तुला दिपोटींचा टांगा दिसला की धावत सांगायला नाक्यावर उभं केलं होतं. वर्गात मास्तर एकटे. भिंतींना नवी सफेदी, फळ्यावर तारीख, दाराला आंब्याचं तोरण. अंगावर ती शाल, लाल काठाची, तुझ्या मामांनी दिलेली, ते सणालाच काढायचे ती. मी पेटारा ठेवला. ते म्हणाले, "बापाला सांग, बिजागरी झकास झाली," आणि त्यांनी झाकण उघडलं.

मी ठरवलं होतं, की ते ओरडतील. धावतील. शिपायाला हाक मारतील. मी दारातच उभा होतो, पळायच्या तयारीनं.

ते ओरडले नाहीत. पानं सुटली होती आणि शेपटी बाहेर आली होती. त्यांनी ती पाहिली, मग दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग माझ्याकडे. त्यांना कळलं, नरहर. माझ्या तोंडावर ते लिहिलेलं असणार. पण त्यांनी कुणाचं काम, असं विचारलं नाही. करवत नवी आहे, असं काही म्हणाले नाहीत. त्या वर्षी शाळेची सरकारी मदत दिपोटींच्या शेऱ्यावर अडली होती, हे पुढे मला बापाकडून समजलं. मास्तरांची कायम नेमणूकही त्याच शेऱ्यावर होती. कचेरीत कळवलं असतं तर टांगा नाक्यावरूनच वळला असता.

त्यांनी शालीचं टोक हाताला गुंडाळलं, त्या टोकानं पुडी उचलली, मागच्या दारानं निवडुंगाकडे गेले आणि परत आले. एक पान तळाशी राहिलं, ते त्यांना दिसलं नाही. शाल झटकली, खुंटीला लावली. हात धुतले. मग माझ्यापाशी आले. मी मार खायला हात पुढे केला.

ते म्हणाले, "आज तूही बस."

मी म्हटलं, "कुठं?"

"पहिल्या रांगेत. आणि भिकाजी, तू काही पाहिलं नाहीस."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी भिकाजी म्हटलं होतं. मी जाऊन पहिल्या रांगेत बसलो. मग पोरं आली. हसन तिसऱ्या रांगेत होता, तो डोळ्यांनी मला विचारत होता, काय झालं रे, आणि मी फळ्याकडे बघत होतो.

मग तुझी धाकटी बहीण आली, गोदी. सहा वर्षांची, परकरातली. मास्तर घाईत पगडी घरीच विसरले होते, ती दोन्ही हातांत धरून घेऊन आली, घटासारखी. "बाबा, डोकं विसरलात," ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. घरी परत जायला ती तयार होईना, तिला दिपोटी बघायचा होता. "त्याला शिंगं असतात, भिक्या म्हणतो," असं तिनं त्यांना सांगितलं. मीच सांगितलं होतं ते. टांगा येईना. ती पेंगायला लागली. मास्तरांनी खुंटीवरची शाल काढली, कोपऱ्यात पसरली, तिला तीवर निजवलं.

तेव्हा पिसवांचं कुणाला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकतो. मेलेला उंदीर गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि ऊब शोधतात, हे मी फार पुढे आरोग्यखात्याच्या चोपडीत वाचलं. पण उंदराला लागलेलं कापड उकळतात, एवढं त्या वर्षी आरळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला होतं.

मी एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. 'मास्तर, शाल नको.' तीन शब्द. पण मग मी पहिल्या रांगेतून उठलो असतो.

टांगा आला. मास्तरांनी गोदीला उठवलं, तू तिला घरी नेलंस, शाल त्यांनी खांद्यावर घेतली. दिपोटींनी पहिला प्रश्न मलाच विचारला. "पावणेतेरा पंचे?" मी म्हटलं, "पावणेचौसष्ट." त्यांनी आणखी चार विचारले, मी चारही सांगितले. त्यांनी मला पेन्सिली तासायचा चाकू बक्षीस दिला, हस्तिदंती मुठीचा, आणि मास्तरांना म्हणाले, "पोरगा हुशार आहे, कुणाचा?" मास्तर म्हणाले, "आमचाच."

सोमवारी गोदीला ताप आला. बुधवारी ती गेली. पुढच्या सोमवारी तुझी आई. शाळा शनिवारीच बंद झाली होती. मला हवी होती त्याच्या एक दिवस उशिरा. पुन्हा उघडली तेव्हा मी गेलो नाही. मी लोकांना सांगतो, मला मास्तरांनी शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक मान डोलावतात. खरं असं, की तो पेटारा तिथेच होता.

तुझ्या वडिलांना मी दोष देत नाही. दोष द्यायला मी कोण? ते वाईट नव्हते, मूर्ख तर नव्हतेच. शेरा हवा होता, पाहुणे वाटेवर होते, आणि उंदीर कुठे नसतात. तू आज अगदी त्याच जागी उभा आहेस. तेच तोरण, तोच साहेब, तीच गोदी. फक्त या वेळी मी गप्प नाही.

पेटी मी आज सकाळी जाळली. सूर काढून घेऊ का, असं एकदा मनात आलं. जर्मन सूर होते, आता तसे मिळत नाहीत. नाही काढले. चांगली पेटी होती. शाळेला मी दुसरी करून देईन, पण चार तारखेला नाही.

त्या घरातून बाहेर पड. शिव्या माळावर बसून दे.

भिकाजी


मिरज, ता. ३ डिसेंबर

नरहर,

कार्ड काल तिसऱ्या प्रहरी आलं. पोस्टमन मजकूर वाचून आला असावा, कारण त्यानं ते मला दोन बोटांत धरून दिलं.

तीन ओळी. 'परवा देवघरामागे उंदीर पडला. कचेरीत कळवले. शाळा बंद केली, समारंभ नाही, आम्ही माळावर आहोत. गोदावरीस अद्याप ताप नाही.' आणि खाली तो प्रश्न.

'कळवले' हा शब्द मी हसनला दोनदा वाचून दाखवला. त्यानं एक विडा लावला आणि माझ्यापुढे सरकवला. मी पान खात नाही, त्याला ठाऊक आहे. काल खाल्लं.

आता नीट ऐक. कपडे उकळ, घरातून आणलेल्या गाद्या झोपडीत घेऊ नकोस. धान्य उन्हात घाल. झोपडीची जमीन सारवून वर चुना टाक, आणि पोरीला जमिनीवर निजवू नकोस. बाज नसेल तर मी धाडतो, माझ्याकडे दोन आहेत, सागवानी, पाय हातभर उंच. टोचलं असेल तर दंड दुखेल आणि अंग जरा कढत लागेल, त्यानं घाबरू नकोस. पण तो ताप एका दिवसात उतरतो. दुसऱ्या दिवशी उतरला नाही तर डॉक्टरला बोलाव, आणि काख, जांघ, मान बघायला सांग. घर सोडल्यापासून दहा दिवस मोजायचे. तुम्ही बुधवारी निघालात, म्हणजे आज चौथा. मी इथे दाराच्या चौकटीवर रेघा मारतो आहे. हसन येता-जाता त्या मोजतो आणि मला चुकीचा आकडा सांगतो, मी चिडावं म्हणून.

तू मला शिवी दिली नाहीस. माझ्याबद्दल, हसनबद्दल, वडिलांबद्दल एक अक्षर नाही. नुसता प्रश्न: 'गोदी त्या शालीवर किती वेळ निजली होती?'

हे टाळून मी बाजेबद्दल लिहीत बसलो, ते तुझ्या लक्षात आलं असेल. मी दुसऱ्या कुणाला 'आठवत नाही' म्हटलं असतं. चौतीस वर्षं झाली, पोरवय होतं, कोण लक्षात ठेवतो. पण तू ज्याला विचारलंस तो खुर्चीचा काप सुतात सांगतो.

मास्तरांनी शाल पसरली तेव्हा शाळेच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. टांग्याची घंटा ऐकू आली तेव्हा सव्वादहा. ते घड्याळ तीन मिनिटं पुढे असायचं, पण ते दोन्ही वेळा पुढेच होतं, म्हणून त्यानं फरक पडत नाही.

पाऊण तास. ती उजव्या कुशीवर होती, काठ गालाखाली धरून. मी समोर बसलो होतो.

भिकाजी